गालाची जागा

दक्षाबेन जे बोलून गेल्या त्यात टोचेल असा एकही शब्द नव्हता, आणि तरीही त्या जिना उतरून गेल्यावर नेमबाजी शिकवणाऱ्या नविनला हात धुवावेसे वाटले. हातात सुखडीचा डबा, तोंडावर हसू, आणि आवाज इतका मऊ की शेजारच्या लेनवर छर्रे भरणाऱ्या पोरांनाही वाटलं असेल, बाई फीबद्दल विचारतायत. "सर, बुरा नका मानू हां. मला स्वतःला तसलं काही नाही. आमच्या वाडीत चिकू उतरवायला पिढ्यान्पिढ्या तीच माणसं येतात, घरच्यासारखी. पण आमच्या शितलची स्किन फार नाजूक आहे. त्या हिरीच्या केसांचं तेल रायफलला लागतं, आणि मग तिथेच हिचा गाल. पुरळ येतंय हो. जरा बघा ना काहीतरी." एवढंच. यावर नविनने 'बघतो' म्हटलं असतं तरी वेळ निभली असती. डोकं खाजवून गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या तोंडातून, कुणी आत बसून लिहून दिल्यासारखं, सरळ स्वच्छ वाक्य बाहेर पडलं. "तुमचं बरोबर आहे, दक्षाबेन. तसंही एका रायफलवर दोघी नकोतच. प्रत्येकीचा गाल वेगळा, डोळा वेगळा, म्हणजे झिरो वेगळा. निवड स्पर्धा तोंडावर आलीय, रोज स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा हिरीला जुनी रायफल देतो. दोघींच्याही फायद्याचं." दक्षाबेनचा चेहरा उजळला. सोनारानेच कान टोचले म्हणजे दुखत नाही म्हणतात. "बघा, तुम्ही जाणकार माणूस," त्या म्हणाल्या आणि सुखडीची एक वडी त्याच्या तळहातावर ठेवून गेल्या. ती वडी आता तुपाने त्याच्या हाताला चिकटली होती आणि ती खावी की टाकावी हे त्याला ठरवता येत नव्हतं.

घाण ही होती की तो जे बोलला ते खरं होतं. खोटं असतं तर त्याने स्वतःला दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण डहाणू रोडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावरच्या या लांबोडक्या हॉलमध्ये तो पोरांना हेच तर शिकवत आला होता. दुर्बीण नाही, भिंग नाही, नुसत्या लोखंडाच्या साईटची रायफल. मागे एक खाच, पुढे नळीच्या टोकाला एक टीप, आणि दहा मीटरवर कागदावरचा काळा गोळा. माणसाच्या डोळ्याला ही तिन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. एक निवडावी लागते, आणि निवडायची ती टीप. टीप खाचेच्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि काळा गोळा वर टेकलेला, पुसट. नवी पोरं नेमकं उलटं करतात. जे हवंय त्याच्याकडे टक लावून बघत राहतात, आणि छर्रा भलतीकडे जातो. एवढं जमलं की मग झिरो. पाच छर्रे मारायचे, ते एका जागी पडले पाहिजेत, मग ती जागा कुठेही असो. ती जागा डावीकडे असेल तर मागची खाच स्क्रूने उजवीकडे सरकवायची, क्लिक क्लिक करत, छर्रे मधे येईपर्यंत. पण एकाने लावलेला झिरो दुसऱ्याच्या कामाचा नसतो, कारण लाकडावर गाल टेकतो तिथून डोळ्याची जागा ठरते, आणि कुणाचा गाल भरलेला, कुणाचा बसलेला. शितल आणि हिरी दोघींच्यात चार क्लिकचा फरक. शितल झाली की खाच चार क्लिक उजवीकडे, हिरी झाली की परत. गेलं वर्षभर हे चाललंच होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. शास्त्र वर्षभर गप्प बसलं आणि पुरळ आल्याबरोबर बोलायला लागलं. शी! त्याने वडी खिडकीतून खाली टाकली. ती खालच्या पत्र्यावर पडली आणि लगेच एक कावळा आला.

खिडकी. खिडकीशी त्याचं जुनं होतं. चिंचणीहून तो पाचवीत डहाणूच्या शाळेत यायला लागला तेव्हा बाईंनी त्याला पहिल्याच आठवड्यात शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ बसवलं. "तू इथे बस हं नविन, तुला छान वारा लागेल. समुद्राकडचा आहेस ना, तुला वाऱ्याची सवय." किती गोड बाई होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, अंगाला चंदनाच्या पावडरीचा वास. त्या वर्गात दुसऱ्या कुणाला असं विचारपूर्वक बसवलं नव्हतं. त्याने घरी येऊन आईला सांगितलं, आणि आई, जमना, बोंबील वाळत घालायच्या काठीखाली उभी होती, ती हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं हाय, वारा खा." तिला लगेच कळलं होतं. त्याला कळायला अकरावी उजाडावी लागली. कॉलेजच्या बसमध्ये एक मुलगी त्याच्या शेजारून उठली आणि जाता जाता म्हणाली, "तुला खिडकी मोकळी करून देते." त्याच क्षणी पाचवीपासूनचा सगळा वारा त्याच्या अंगावर उलटा आला. दप्तर, शर्ट, केस, वह्यांची पानं, सगळ्याला सुक्या मासळीचा वास होता, आणि सगळ्या वर्गाने तो सहा वर्षं सोसला होता, आणि बाईंनी किती हुशारीने त्या वासाला वाट करून दिली होती. शिवी दिली असती तर तो भांडला असता. त्या दिवसापासून तो दोन वेळा आंघोळ करतो. लग्न झाल्यावर त्याची बायको सरिता म्हणायची, साबणाला तुमच्यापायी घरघर लागते. आई गेली तेव्हाही, खोटं कशाला, तिला शेवटचं जवळ घेताना त्याने श्वास धरून ठेवला होता. बाकी सगळं धुऊन निघालं, पण बाईंची ती कला मात्र त्याच्यात राहिली. दुसऱ्याला दूर बसवायचं, आणि वाऱ्याचं कारण द्यायचं.

हिरी संध्याकाळी आली. डहाणूत वसतिगृहात राहून ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, घर डोंगरातल्या पाड्यावर. केसांना चापून तेल, दोन वेण्या वर बांधलेल्या, कपड्यांना चुलीच्या धुराचा बारीक वास. तो सोमवारी जास्त असायचा, शनिवारपर्यंत विरायचा. हे नविनला माहीत होतं. कसं माहीत होतं? एखाद्या मुलीचा वास आठवड्यात कसा उतरतो हे ज्याला माहीत आहे त्याने दक्षाबेनकडे बघून नाक मुरडू नये. त्याने कपाटातून जुनी रायफल काढली. रायफल वाईट नव्हती, पण तिच्या मागच्या खाचेखालची स्प्रिंग दमली होती. झिरो लावला की पाच-दहा छर्रे बरे जायचे, मग खाच आपली हळूच डावीकडे कलायची. "हिरी, आजपासून ही तुझी," तो म्हणाला. "वेगळी रायफल असली की झिरो हलत नाही. शितलचं आणि तुझं रोजचं स्क्रू फिरवणं नको." हिरीने रायफल हातात घेतली, खाचेवर अंगठा ठेवला आणि दाबून पाहिलं. खाच हलली. तिने वर पाहिलं नाही.

"सर, ही तर ढिली हाय."

"थोडी आहे. मी घट्ट करून देतो."

"मंग शितलला का नाय दिली?"

"अगं, तिची उंची... तिला ती लांबी बसते."

हिरीने खाचेवरचा अंगठा काढला. तिचा चेहरा बंद झाला. चिंचणीत आईचा झाला होता तसाच. हिला कळायला अकरावीपर्यंत थांबावं लागलं नव्हतं. तिने फक्त विचारलं, "रविवारी मना हीच घ्यायची?" आणि तो 'हो' म्हणाला. रविवारी तलासरीला जिल्ह्याची निवड होती. तिथे पात्र ठरलं की राज्याची स्पर्धा, आणि राज्याचं प्रमाणपत्र हातात असलं की भरतीत खेळाडूंच्या राखीव जागांवर नाव लावता येतं. शितलसाठी ते प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावायला होतं. हिरीसाठी ते पोलिसाची वर्दी होती. पाड्यावरच्या पोरींचं लग्न ज्या वयात होतं ते तिचं कधीच होऊन गेलं होतं, आणि बाप, हाल्या, तिला म्हणाला होता, या भरतीपर्यंत थांबतो, पुढं नाय. हे तिनेच एकदा छर्रे मोजता मोजता सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे.

मग झिरो लावायला बसले. हिरीने पाच छर्रे मारले, पाचही एका रुपयाखाली झाकतील इतके जवळ, फक्त डावीकडे. त्याने खाच उजवीकडे घेतली. पुढचे पाच मधोमध. त्याच्या पुढचे पुन्हा डावीकडे सरकले. त्याने स्प्रिंगखाली पत्र्याचा तुकडा सारला, घट्ट केलं, आणि खाच आता टिकते का हे पाहायला स्वतः रायफल खांद्याला लावली. लाकडावर, गाल टेकतो तिथे, तेलाचा ताजा डाग होता. आणि इथे, या ठिकाणी, नविनला स्वतःबद्दल जे कळलं ते त्याला पुढे कित्येक दिवस जेवताना आठवत राहिलं. त्याचा गाल थांबला. कुणी ढकलल्यासारखा, बोटभर अलीकडे. त्याने ठरवलं नव्हतं. तिथून डोळा रेषेत नव्हता, टीप खाचेच्या एका कडेला लागून बसली होती, आणि तो पोरांना ओरडून ओरडून सांगतो ती चूक त्याने स्वतः केली. छर्रे डावीकडे गेले. तो म्हणाला, "अजून डावीकडेच जातेय," आणि खाच आणखी उजवीकडे घेतली. हिरीने मारलं तर पाचही उजवीकडे. "लक्ष कुठे आहे तुझं?" तो खेकसला. तिने शांतपणे रायफल खाली ठेवली. "सर, मी तिथंच धरलं होतं." तेव्हा त्याला उमगलं की रायफल बरोबर होती, मुलगी बरोबर होती, बिघडला होता तो त्याचा गाल. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. चांगल्या रायफलवरही, हिरी उठल्यावर तिचा झिरो तपासताना, तो असाच बोटभर अलीकडे टेकत आला होता. मागच्या महिन्यात तिचे गुण का घसरले यावर त्याने तिला एकाग्रतेवर भाषण दिलं होतं. त्याच्या तोंडाला शिशाची चव आली. तो बेसिनवर जाऊन चूळ भरून आला, आणि आरशात जो भांग पाडलेला, सुवासिक माणूस होता त्याच्याकडे त्याला बघवेना. मग त्याने काय केलं? काही नाही. खाच परत मागे घेतली, स्प्रिंग पुन्हा दाबली, आणि म्हणाला, "स्पर्धेत सरकायला लागली तर थोडं उजवीकडे धरून मार." म्हणजे खाच खोटं बोलेल तेवढं तू उलटं खोटं बोल, असं. नेमबाजीच्या मास्तरने सांगावी अशी याहून लाजिरवाणी गोष्ट नाही.

रविवारी दक्षाबेनच्या गाडीतून निघाले. मागे दक्षाबेन आणि शितल, शितलच्या कानात गाणी, पुढे ड्रायव्हरशेजारी नविन, डिकीत रायफली. गाडीत गार हवा आणि कसला तरी गुलाबाचा वास, इतका दाट की आशागड मागे पडेपर्यंत त्याला दोनदा काच खाली करावीशी वाटली. पण खिडकी उघडायची त्याला लाज वाटली; का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. चारोटीला चहाला थांबले. हायवेच्या कडेला, जीपा भरतात तिथे, गर्दीत हिरी उभी होती. नवे बूट हातात, पायात चपला. बूट तिथे जाऊन घालायचे असणार. तिने गाडी ओळखली. हात केला नाही, फक्त उभी राहिली, दिसेल अशी. मागच्या सीटवर एक अख्खं माणूस बसेल एवढी जागा होती. शितलने कानातलं काढलं आणि म्हणाली, "मम्मी, ती हिरी." दक्षाबेनने खिडकीतून पाहिलं, मग नविनकडे पाहिलं. त्या काय म्हणणार होत्या? कदाचित काहीच नाही. कदाचित म्हणाल्या असत्या, बोलवा. पण नविन आधीच बोलून चुकला होता. "तिला जीप मिळेल. इथं लगेच मिळतात." गाडी सुटली. आरशात हिरी लहान होत गेली आणि त्याने चहाचा शेवटचा घोट गिळला. दुसऱ्याच्या पापाची वाट पाहायचासुद्धा आपल्याला धीर नाही, त्याच्या मनात आलं. आपणच घाईघाईने ते करून मोकळे होतो, वर म्हणतो लोक वाईट.

तलासरीच्या हॉलमध्ये पंखे होते, पण हवा नव्हती. शंभरेक पोरं, घामाने भिजलेली जाड जाकिटं, उघडलेले डबे, लोणच्याचा आणि बुटांचा वास. पहिल्या फेरीत शितल. तिने छान मारलं, तिची रायफल छानच होती. दक्षाबेनने तिची दृष्ट काढल्यासारखे हात ओवाळले आणि रायफल आपल्या मांडीवर आडवी घेऊन बसल्या. दुसऱ्या फेरीत हिरी. बूट घालून, वेण्या मागे बांधून ती लेनवर उभी राहिली. स्पर्धा सुरू होण्याआधी सरावाचे छर्रे मारायला थोडा वेळ देतात, झिरो तपासून घ्यायला. नविन दोरीच्या अलीकडे प्रशिक्षकांच्या खुर्चीत. तिचे पहिले छर्रे मधे. मग डावीकडे. तिने खाच दाबली, स्क्रू फिरवला. पुन्हा मधे. पुन्हा डावीकडे, आता अंमळ जास्तच. ती वळली. शंभर माणसांत तिने नेमकं त्याला शोधलं. त्याच्यापासून दक्षाबेनची खुर्ची चार पावलांवर होती. चांगली रायफल रिकामी, थंड, त्यांच्या मांडीवर. उठायचं, जायचं, म्हणायचं, जरा द्या. एवढंच होतं. त्याने हाताने खूण केली, उजवीकडे धर. हात खाली येता येता तो किती जड झाला ते त्यालाच कळलं.

हिरीने खूण पाहिली. तिने रायफल मेजावर ठेवली, हात वर केला आणि पंचांना काही तरी सांगितलं. पंच आले, खाच हलवून पाहिली, म्हणाले, "दुसरी असेल तर आण, वेळ संपायच्या आत." ती दोरीखालून वाकून बाहेर आली. नविनच्या समोरून गेली, त्याच्याकडे न बघता, आणि दक्षाबेनपुढे उभी राहिली.

"काकी, रायफल पायजे. ही सरकते."

नविनने श्वास धरला. मासळीच्या बाजारात धरायचा तसा. आता दक्षाबेन नाक मुरडतील, आता त्या शब्द शोधतील, आणि मग निदान सगळ्यांना दिसेल की यात वाईट कोण आहे. दक्षाबेन गोंधळल्या. त्यांनी शितलकडे पाहिलं. शितल म्हणाली, "घे ना गं, माझं झालंय." आणि दक्षाबेनने रायफल उचलून दोन्ही हातांनी पुढे केली. "ले बेटा, ले. अरे, मी कुठे नाही म्हटलं होतं?" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या दोन रांगा वळल्या. "सरच म्हणाले, हिला वेगळी बरी. आम्हाला यातलं काय कळतं?"

त्यात खोटं काय होतं? शब्दन् शब्द त्याचाच होता. वळलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. हिरीही आता बघत होती, तेवढाच एक क्षण, ज्यात राग नव्हता. ती त्याला तपासत होती. मग ती दोरीखालून परत लेनवर गेली. रायफल मेजावर ठेवली. शितलच्या गालाची क्रीम लाकडावर पांढरट चकाकत होती. हिरीने शर्टाची बाही ओढून ती जागा नीट पुसली, बाहीला काय लागलं ते पाहिलं, तोंड किंचित वाकडं केलं, आणि पुन्हा एकदा पुसली. नविनला ते दिसलं. हिलाही किळस येते. वर्षभर येत असणार. आणि वर्षभर तिने एका शब्दाने कुणाला दूर बसवलं नव्हतं. तिने खाच चार क्लिक उजवीकडे घेतली, गाल टेकला, पुरता टेकला, आणि वेळ संपायच्या आत सरावाचे दोनच छर्रे मारून घेतले. दोन्ही मधे.

ती पात्र ठरली, शेवटून दुसरी. यादी वाचली तेव्हा दक्षाबेननेच आधी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना पेढे वाटले, हिरीला दोन दिले. नविन रायफली बांधत होता. गुलाबाचा वास, लोणच्याचा वास, त्याच्या स्वतःच्या काखेतला महागड्या फवाऱ्याचा वास, सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. हिरी जवळ येऊन उभी राहिली. बूट काढून पुन्हा हातात घेतले होते. तो घाईने म्हणाला, "शाब्बास. आता राज्याची तयारी जोरात करू. जुनीची स्प्रिंग बदलून घेतो मी. आणि जाताना गाडीतून चल, जागा आहे."

"नाय सर, जीप हाय," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, अदबीचा. "आन् सर, आता माझा झिरो मीच लावीन. तुमी रायफलला गाल नका लावू."

तो 'बरं' म्हणाला. ती जीपच्या दिशेने गेली, आणि तो रायफलींची पिशवी खांद्याला लावून गाडीपाशी दक्षाबेनची वाट पाहत उभा राहिला.